घरातलं कोर्ट

१८ ऑगस्ट २०२५ पासून आमच्या कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सीपीआर दवाखान्यासमोरची जुनी कोर्टाची इमारत पुन्हा गजबजली. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांची मुंबईची वारी वाचली. कित्येक वर्षांच्या आंदोलनाला फळ आलं, आनंदच आहे.

या निमित्तानं न्यायमूर्तींबद्दल, वकिलांबद्दल पुष्कळ छापून आलं. मला मात्र आठवली ती वेगळीच माणसं. वकिलाचा कारकून, बाँडरायटर, टायपिस्ट, नकला करणारे. यांच्यावाचून कोर्टाचं पान हलत नाही. पण यांना शिकवलं कुणी? त्याच सुमारास माझ्या भाचीच्या मुलीनं फोनवर विचारलं, "आजी, वकील न होता कोर्टाचं काम घरी बसून शिकता येतं का गं?" ती मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, पदरात दोन लहान मुलं. मी तिला म्हटलं, अगं, पूर्वी ते घरीच शिकत! आणि मग वाटलं, हे जरा सविस्तर लिहावं.

आज एल.एल.बी. झाल्याशिवाय वकिली करता येत नाही, पण पूर्वी असं नव्हतं. मुंबई इलाख्यात १८२७ च्या रेग्युलेशनपासून वकिलाला सरकारी सनद मिळे. पुढं डिस्ट्रिक्ट प्लीडरची परीक्षा आली. तिच्यासाठी कायद्याच्या कॉलेजात जायलाच हवं असं नव्हतं. दिवसा नोकरी करावी, रात्री कंदिलाशी पुस्तकं वाचावीत आणि परीक्षेला बसावं. लोकमान्य टिळकांनी पुण्यात अशा परीक्षार्थींसाठी कायद्याचा खाजगी वर्ग चालवला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. आमच्या कोल्हापूर संस्थानाचं स्वतःचं हायकोर्ट होतं आणि सनद देणं दरबारच्या हाती होतं. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, तेव्हा ते हायकोर्टही गेलं. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टनं जुने वेगवेगळे दर्जे मोडून 'ॲडव्होकेट' हा एकच दर्जा ठेवला. नव्यानं येणाऱ्याला कायद्याची पदवी सक्तीची झाली. कारकुनाला मात्र तेव्हाही सनद नव्हती नि आजही नाही. त्याची सगळी विद्या पाहून पाहून आलेली.

आमचे थोरले काका असेच शिकले. एका वकिलांशी लांबचं नातं होतं, म्हणून मॅट्रिकनंतर त्यांच्या घरी राहायला गेले. पहिलं वर्ष पाणी भरणं, दप्तर कोर्टात पोचवणं नि परत आणणं. मग दावा आणि दरखास्त यांतला फरक कळला. दावा म्हणजे हक्क मागणं आणि दरखास्त म्हणजे मिळालेला हुकूमनामा अंमलात आणून मागणं. कैफियत म्हणजे प्रतिवादीचं उत्तर. पुरशिस म्हणजे कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन. मिळकतीचं वर्णन लिहिताना चतुःसीमा चुकली तर डिक्री मिळूनही कबजा मिळत नाही, हे त्यांना कुठल्या पुस्तकात सापडलं नाही. बेलिफाबरोबर शिवारात उभं राहिल्यावर समजलं.

काकांची खरी हुशारी मुदतीत होती. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणं दिवाणी निकालावर जिल्हा कोर्टात अपील करायला ३० दिवस, हायकोर्टात ९० दिवस. पण निकालाची नक्कल मिळवण्यात लागलेला वेळ त्यातून वजा होतो. म्हणून नकलेवर तारखा असतात: अर्ज कधी आला, नक्कल तयार कधी झाली, दिली कधी. काका आधी त्या तारखा बघत, निकाल नंतर. "निकाल वकील वाचतील, मी दिवस मोजतो," म्हणत. दिवस चुकला की बिचाऱ्या कुळाचं शेत गेलं. कारकुनाच्या बोटांवरच्या हिशोबाला एवढी किंमत होती.

आता काकूंचं सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण अक्षर मोत्यासारखं. टायपिंगला पैसे पडत, म्हणून गरीब पक्षकाराचे कागद काका घरी आणत आणि जेवणं आटोपली की काकू लेजर कागदावर डावीकडे रुंद समास सोडून ते उतरवून काढत. वर्षानुवर्षं लिहून त्यांना इतकं कळू लागलं होतं, की एकदा वाटपाच्या दाव्यात एका बहिणीचं नाव राहिलंय हे त्यांनीच दाखवलं. "हिला पक्षकार केली नाही तर दावा टिकंल का?" त्यांनी विचारलं. काका दुसऱ्या दिवशी वकिलांकडे गेले नि नाव घातलं गेलं. काकूंनी जन्मात कोर्टाची पायरी चढली नाही. आजच्या भाषेत त्या लीगल असिस्टंट होत्या. घरात त्यांना कुणी काहीच म्हणत नसे.

त्या काळात शिकलेल्या बाईचीही वेगळी गत नव्हती. नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाल्या, ऑक्सफर्डला जाऊन १८९२ साली कायद्याची परीक्षा दिली. तरी इथं वकिली करायची मुभा नाही. १९०४ पासून बंगालात कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या सहायक म्हणून त्यांनी पडद्यातल्या बायकांच्या मिळकतींची कामं पाहिली. बायकांना वकिलीचा हक्क देणारा कायदा आला १९२३ मध्ये. म्हणजे एवढी विदुषी वर्षानुवर्षं सहायकच! आमच्या काकूंचं काय घेऊन बसलात.

इथपर्यंत वाचून 'किती छान होती जुनी पद्धत' असं वाटेल. पण मी शिक्षिका आहे, वर्गात कोण आहे याबरोबर कोण नाही हेही बघायची सवय लागलेली. काकांना वकिलाच्या घरी जागा मिळाली ती नात्यामुळं. ज्याचं नातं नव्हतं, ज्याला त्या घराच्या उंबऱ्याआत घेतच नसत, त्यानं काय करायचं? गावोगावी हेच होतं. कुलकर्ण्याचं दप्तर त्याच्या घरातच असे. त्याचा मुलगा बापाच्या मांडीवर मोडी नि जमिनीचा हिशोब शिके. विद्या घरातून घरात जाई, आणि त्याच घराला वतन मिळे. बाकीच्यांनी अंगठा उठवायचा. कागदावर काय लिहिलंय ते तोच सांगणार!

राजर्षी शाहू महाराजांनी नेमकं हेच ओळखलं. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१८ साली कुलकर्णी वतनं रद्द करून पगारी तलाठी नेमले आणि त्या जागा अस्पृश्य मुलांनाही दिल्या. आणि अखेरच्या वर्षांत अस्पृश्य समाजातल्या शिकलेल्या काही जणांना वकिलीच्या सनदा दिल्या. त्यांच्याकडे मोठ्या पदव्या नव्हत्या. पण सनद देणं दरबारच्या हाती होतं, नि महाराजांनी तो अधिकार वापरला. मला हे आरक्षणाच्या १९०२ च्या जाहीरनाम्याइतकंच मोठं वाटतं. नोकरी मिळाली की एकाचं घर चालतं. कागद वाचणारा माणूस वस्तीत आला की सगळ्या वस्तीचा अंगठा सुटतो.

आता आजचं. १९९८ च्या अधिसूचनेनं आपल्या जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी ठरली. उच्च न्यायालयाची भाषा मात्र घटनेच्या ३४८ व्या कलमानुसार इंग्रजी. तेव्हा चंदगडच्या किंवा सांगोल्याच्या दाव्यातले मराठी कागद सर्किट बेंचपुढं जाताना इंग्रजीत करावे लागतात. 'कबजेगहाण', 'हक्कसोडपत्र', 'फेरफार' हे शब्द अर्थ न बिघडवता नेणारी माणसं हवीत. जुने दस्त तर मोडीत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधायची वेळ आली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किंमत सगळ्यांना कळली. मोडी घरी शिकता येते, रोज एक तास दिला तर. मराठी-इंग्रजी टायपिंग येतं. सातबारा नि फेरफार वाचायला येतात. आता कोर्टाची रोजची यादीसुद्धा मोबाईलवर दिसते, तारखा कळायला काकांसारखं फळ्यापुढं उभं राहावं लागत नाही.

आणखी एक वाट आहे. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं २००९ मध्ये विधी स्वयंसेवकांची योजना आणली. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण प्रशिक्षण देतं, वकील असायची गरज नाही, निवृत्त शिक्षकसुद्धा चालतात. वकिली करायची नाही, लोकांकडून पैसे घ्यायचे नाहीत. अडलेल्याला कागद समजावायचा, मोफत वकिलापर्यंत पोचवायचं. मानधन थोडकं आहे, त्यावर संसार होणार नाही, हे मी भाचीच्या मुलीला स्पष्ट सांगितलं. पण विद्या मिळते, आणि ती मिळवायला कुणा वकिलाचं नातेवाईक असावं लागत नाही.

बेंच आलं, आता इमारती होतील, वकिलांच्या पाट्या लागतील. पण राधानगरीची एखादी बाई वाटपाचा कागद घेऊन आली, तर तिला तो तिच्या भाषेत वाचून दाखवणारं कुणी दारात असेल का? बेंच लोकांचं झालं की नाही, ते मी यावरूनच ठरवीन.

तुमच्याही घरात असं रात्री जागून कुणाचे कागद लिहिणारं कुणी होतं का? असेल तर त्यांचं नाव निदान तुम्ही तरी लिहून ठेवा. कोर्टाच्या कागदांवर ते सापडायचं नाही.