सोळाव्या शतकातला एक शुक्रवार

एका वाचनालयाच्या दोन शाखांच्या नोंदी एकत्र करायचं काम अंगावर आलं. सभासदांच्या टेबलाची प्रायमरी की म्हणजे १, २, ३ असा चढता आकडा. त्यामुळे ४१२ नंबरचा सभासद इथेही होता नि तिथेही. पुस्तकांच्या देवघेवीच्या टेबलाला मात्र कुणीतरी मायएसक्यूएलचं, कुठेही न जुळणारे ओळखक्रमांक देणारं यूयूआयडी फंक्शन लावून ठेवलेलं. ती ३६ अक्षरी शेपटं चाळताना दिसलं, की मधला तिसरा गट महिनोन्‌महिने एकच आहे: ११ईई. सोमवार, २२ एप्रिल २०२४ च्या पहिल्या नोंदीपासून तो ११ईएफ झाला.

गटातला पहिला १ म्हणजे यूयूआयडीची आवृत्ती. पुढचे तीन अंक घड्याळाचे, आणि त्यातला शेवटचा अंक सुमारे ३२६ दिवसांनी एकदाच पुढे सरकतो. तो रविवारी रात्री दहा पंचवीसला, वाचनालयाला कुलूप असताना सरकला होता. उलट हिशेब करत गेलो तर या घड्याळाचं शून्य निघालं १५ ऑक्टोबर १५८२, शुक्रवार.

आपल्या पंचांगात एखाद्या तिथीचा क्षय झाला तर कुणी दचकत नाही. १५८२ साली कॅलेंडर सुधारताना पोप तेरावा ग्रेगरी याने एका रात्रीत दहा तारखा गिळल्या: गुरुवारी ४ ऑक्टोबर, दुसऱ्या दिवशी शुक्रवार १५. या सुधारणेचं गणित मांडणारा वैद्य अलोयसियस लिलियस तोवर वारला होता. त्याचं हस्तलिखित भावाने पुढे केलं.

पण हा शुक्रवार डेटाबेसमध्ये आला कसा? रिलेशनल डेटाबेसवरचा कॉडचा १९७०चा निबंध, अपोलो कंपनीची मूळ यूयूआयडी, मग ओएसएफ ही संस्था, मग मायक्रोसॉफ्टचं जीयूआयडी हे टप्पे सर्वांना ठाऊक आहेत. गंमत मधल्या उडीत आहे. अपोलोचं घड्याळ १ जानेवारी १९८० पासून चार-चार मायक्रोसेकंदांनी चालायचं. ओएसएफच्या हातून ते बाहेर पडलं तेव्हा ठोका १०० नॅनोसेकंदांचा झाला होता आणि आरंभ चार शतकं मागे गेला होता.

ठोका डेक कंपनीचा, यात मला शंका नाही. त्यांची व्हीएमएस प्रणाली १०० नॅनोसेकंदांनीच मोजते. पण व्हीएमएसचं शून्य १७ नोव्हेंबर १८५८, खगोलशास्त्रज्ञांकडून घेतलेलं. सगळंच डेककडून आलं असतं तर १८५८ आलं असतं. तारखेचा धनी दुसरा कुणी.

माझा संशय आयबीएमवर. १९८६ साली तिथल्या ब्रूस ओम्सने दिवस मोजण्याची एक पद्धत मांडली. तिचा दिवस पहिला १५ ऑक्टोबर १५८२, आणि नाव लिलियसवरून ‘लिलियन’. दोन वर्षांनी ओएसएफ स्थापन झाली. संस्थापकांत अपोलो, डेक आणि आयबीएम तिघेही. एकाने सांगाडा दिला, दुसऱ्याने ठोका, तिसऱ्याने तारीख.

यावर आक्षेप असा की १५८२ कुठल्याही विश्वकोशात सापडतं, त्याला आयबीएम कशाला? मग विंडोजकडे बघा. तिथेही ठोका १०० नॅनोसेकंदांचाच, पण आरंभ १ जानेवारी १६०१, म्हणजे ४०० वर्षांच्या लीप-चक्राची सुरुवात. कॅलेंडर नीट जाणणाऱ्याला तीच तारीख सोयीची. १५८२ निवडायला लिलियसचं वेड लागतं. दुसरा आक्षेप जास्त बोचतो: लिलियनमध्ये तो दिवस ‘एक’ आहे, यूयूआयडीत ‘शून्य’. माझं उत्तर, दिवस एकपासून मोजतात, घड्याळ शून्यापासून. पटलं नाही तरी चालेल, मी हटणार नाही.

लिलियसच्या या घड्याळाने वाचनालयाचा इंडेक्स मात्र पार विस्कटला होता. पहिल्या आवृत्तीत वेळेचा सगळ्यात चंचल भाग सर्वांत पुढे बसतो. ती पहिली आठ अक्षरं सुमारे सात मिनिटांत एक फेरी पूर्ण करतात, म्हणून लागोपाठच्या नोंदी टेबलभर विखुरतात. मे २०२४ च्या आरएफसी ९५६२ ने दोन वाटा दिल्या: सहावी आवृत्ती तीच वेळ सरळ क्रमाने लावते, १५८२ कायम ठेवून, सातवी १९७० पासून मिलिसेकंद मोजते. जाणकार सातवी घ्या म्हणतात, आणि सभासदांना मी तीच दिली.

देवघेवीच्या टेबलाला सहावी लावली.