धुराड्यातली काजळी

थंड हवामानाच्या देशांत हिवाळ्याच्या तोंडावर घरोघरी एक काम उरकावे लागते. घर उबदार ठेवणारी भट्टी तपासायची आणि तिचे धुराडे झाडून घ्यायचे. वरकरणी हे साधे झाडलोटीचे काम. पण इंग्लंडमधला त्याचा इतिहास पाहिला, तर विज्ञान शिकवताना विचारायलाच हवा असा एक प्रश्न समोर येतो.

प्रथम, धुराडे झाडावे का लागते ते पाहू. कंदील आठवा. काचेच्या आतली हवा तापून विरळ होते व वर जाते. तिची जागा घ्यायला खालून ताजी हवा आत शिरते. धुराड्यातही हेच घडते. हवेच्या या ओढीमुळे धूर बाहेर जातो आणि विस्तवाला ऑक्सिजन मिळतो. काजळीने धुराडे चोंदले की ओढ मंदावते, ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड खोलीत पसरतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी सहज जोडला जातो. शिवाय काजळी स्वतः पेट घेऊन घराला आग लावू शकते, हा धोका वेगळाच.

सोळाव्या-सतराव्या शतकांत लंडनमध्ये लाकडाऐवजी दगडी कोळसा जळू लागला. कोळशाच्या लहानशा विस्तवाला चांगली ओढ मिळावी म्हणून धुराडी अरुंद झाली. पुष्कळशी धुराडी आतून जेमतेम ९ इंच × १४ इंच असत, म्हणजे आपल्या फुलस्केप कागदाहून किंचित मोठी. त्यांत वळणेही असत. मोठा माणूस आत शिरणे अशक्य. म्हणून गरिबांची लहान मुले कोपर-गुडघ्यांच्या आधाराने वर चढवली जात. कित्येक मुले आत अडकून गुदमरली.

१७७५ मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी एक नोंद प्रसिद्ध केली. धुराडी झाडणाऱ्यांना अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग होतो आणि त्याचे कारण त्वचेच्या घड्यांत साचणारी काजळी हे आहे, असे त्यांनी मांडले. व्यवसाय आणि कर्करोग यांचा संबंध दाखवणारे हे पहिले महत्त्वाचे निरीक्षण. त्याला प्रयोगाचा आधार मिळायला मात्र बराच काळ लागला. १९१५ मध्ये यामागिवा आणि इचिकावा या जपानी संशोधकांनी सशांच्या कानांवर महिनोन्‌महिने डांबर लावून कर्करोग निर्माण करून दाखवला. १९३३ मध्ये लंडनच्या संशोधकांनी डांबरातून बेंझोपायरीन हे कर्ककारक संयुग वेगळे काढले.

पण मुलांना धुराड्यांतून बाहेर काढण्यासाठी संयुगाचे नाव कळण्याची गरज होती का? मुळीच नव्हती. १८०३ च्या सुमारास जॉर्ज स्मार्ट यांनी दोरीने ओवलेल्या पोकळ नळ्यांचा, टोकाला ब्रश असलेला झाडू तयार केला होता. १८२८ मध्ये जोसेफ ग्लास यांनी वाकणाऱ्या वेताच्या काठ्या वापरून त्यात सुधारणा केली. म्हणजे कारण ठाऊक होते, साधनही हाताशी होते. तरीही मुले चढतच राहिली. वळणाची धुराडी बदलायला घरमालकांना खर्च नको होता आणि मुले स्वस्त होती.

कायदेही झाले. १७८८ च्या कायद्याने आठ वर्षांखालील मुलांना या कामावर ठेवण्यास बंदी घातली. १८४० च्या कायद्याने एकवीस वर्षांखालील कोणीही धुराड्यात चढू नये असे ठरवले. पण अंमलबजावणी करणार कोण? अखेर १८७५ मध्ये केंब्रिजजवळ जॉर्ज ब्रूस्टर हा अकरा वर्षांचा मुलगा धुराड्यात अडकून मरण पावला. त्याच वर्षी नवा कायदा झाला. धुराडी झाडण्याचा धंदा करायला परवाना लागू लागला आणि त्यावर देखरेख ठेवण्याचे काम पोलिसांकडे आले. तेव्हा कुठे ही प्रथा थांबली. पॉट यांच्या नोंदीला तोवर शंभर वर्षे झाली होती.

वर्गात पुठ्ठ्याला ९ × १४ इंचांचे भोक पाडून मुलांना दाखवावे. त्यातून खांदे जातील का, हे त्यांनीच ठरवावे. मग विचारावे : कारण कळले, साधन मिळाले, तरी शंभर वर्षे का लागली? बंद न्हाणीघरातला गॅसचा गीझर असो की धुराने कोंदलेले चुलीचे स्वयंपाकघर, हा प्रश्न आपल्यालाही चुकलेला नाही.