भाडे नियंत्रण अधिनियम, महाराष्ट्र

घरमालक व भाडेकरू यांचे संबंध ठरवणारा राज्याचा कायदा. संमत 1999, अंमल 31 मार्च 2000 पासून. त्याआधी मुंबई इलाख्याचा 1947 चा कायदा, तसेच विदर्भ व मराठवाड्याचे वेगळे कायदे होते. जुन्या भाडेकरूचे भाडे वर्षाला 4 टक्के वाढवता येते आणि पागडीलाही (जागा देताना घेतल्या जाणाऱ्या एकरकमी रकमेला) मान्यता आहे. 1 कोटी रुपये किंवा अधिक भरणा भांडवलाच्या कंपन्यांना मात्र संरक्षण नाही.

मुंबईजवळच्या घोडबंदर-मीरारोड पट्ट्यातल्या नव्या इमारतींत घर बहुधा ‘लिव्ह अँड लायसन्स’वर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या वापर-परवान्यावर, अकरा महिन्यांसाठी मिळते. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज चुकीचा आहे. कलम 55 नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा; जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरतात.  मुदत संपूनही घर न सोडल्यास कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते; ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट भरपाईही मिळते. ही जलद वाट निवासापुरतीच आहे; दुकानाच्या गाळ्यासाठी मालकाला दिवाणी दावाच लावावा लागतो.