पाटी कोरी नसते

जुन्नर तालुक्यातल्या आळे गावात ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. वेदांचा अधिकार कोणाला, हा वाद पैठणच्या शास्त्र्यांनी उभा केला आणि ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवून त्याचे उत्तर दिले. पुढे तोच रेडा परतीच्या वाटेवर आळ्यात विसावला, अशी इथली श्रद्धा. अधिकाराच्या प्रश्नाचे उत्तर ज्या गावाने देवळात जपले, त्याच्या शिवारात तो प्रश्न आजही वेगळ्या शब्दांत ऐकू येतो : "चार वर्षं शाळेचं तोंड न पाहिलेलं पोर चार-सहा महिन्यांत पाचवीच्या बरोबरीला कसं येणार?"

ही मुले कोणाची? दिवाळीच्या सुमारास जुन्नर-आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात ऊसतोड मजुरांचे कोयते येतात, फडाजवळ खोपी पडतात. मोकळ्या झालेल्या रानांत मेंढपाळांचे वाडे बसतात. पश्चिमेच्या डोंगरवाड्यांतली ठाकर आणि महादेव कोळी कुटुंबे बागायती गावांत मजुरीला उतरतात. आईबापांच्या मागे मुलेही येतात आणि त्यांची नावे एका शाळेच्या पटावर राहून पाय दुसऱ्याच गावात असतात.

अशा मुलांसाठीच्या सेतुवर्गांवर, म्हणजे कायद्यातल्या 'विशेष प्रशिक्षणा'वर, तीन आक्षेप घेतले जातात. एक, वर्षांचा अभ्यास महिन्यांत होत नाही. मुलाला पहिलीपासूनच बसवावे. दोन, असे घाईचे शिक्षण म्हणजे दुय्यम दर्जाची मलमपट्टी. तीन, एवढे करूनही ती मुले पुन्हा गळतात. आक्षेप घेणारे बहुधा अनुभवी शिक्षक असतात आणि त्यांची तळमळ खरी असते. म्हणूनच त्यांना नीट उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप गणिताचा आहे, तर गणितच मांडू. शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवले आहे. चार वर्षांचे ३,२०० तास झाले. ते सहा महिन्यांत बसत नाहीत, हे उघड आहे. पण सेतुवर्ग ते बसवायला निघालेलाच नसतो. ओघाने वाचणे, मनातले लिहिणे, चार मूलभूत क्रिया आणि स्थानिक किंमत एवढा पाया घालणे हे त्याचे काम. शिवाय ते ३,२०० तास सहा वर्षांच्या मुलाच्या वेगाने आखलेले असतात. पेन्सिल धरण्यापासून एका जागी बसण्यापर्यंत सारे त्यात येते. मेंढपाळाची दहा वर्षांची मुलगी या टप्प्यांपलीकडे गेलेली असते. संध्याकाळी वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरे घेताना ती त्यांची मोजदाद करते. किती रात्री वाडा बसला आणि शेतकऱ्याकडून किती धान्य यायचे, हा हिशेब घरात तिच्या कानावर असतो. खोपीतल्या मुलाला मोळ्यांचा हिशेब ठाऊक असतो. गुणाकार त्यांच्या डोक्यात आहे, फक्त त्याची खूण कागदावर कशी करायची ते शिकायचे आहे. तिला पहिलीत बसवणे म्हणजे तिचे हे सारे ज्ञान पुसून टाकणे, आणि वर सहा वर्षांच्या मुलांत बसण्याची लाज तिच्या माथी मारणे. तेवढ्याने ती शाळा सोडेल. २००९च्या कायद्याच्या चौथ्या कलमाने वयानुरूप वर्गात प्रवेश सांगितला, तो याच जाणिवेतून.

दुसऱ्या आक्षेपाला इतिहासच उत्तर देतो. ज्यांचे शिक्षण परिस्थितीने अडवले, त्यांच्यासाठी आटोपशीर अभ्यासक्रम ही आपली जुनी, मानाची परंपरा आहे. १९५८मध्ये दुर्गाबाई देशमुखांच्या पुढाकाराने केंद्रीय समाजकल्याण मंडळाने प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुले कुरणात, म्हणून शाळाही कुरणात. तेलंगणातल्या शांता सिन्हांच्या निवासी शिबिरांतून कामावरची मुले नेहमीच्या शाळांत गेली आणि २००३मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. उत्तर घानातही १९९५पासून नऊ महिन्यांचे असे वर्ग भरतात : मातृभाषेतून, शेतीचे काम सांभाळून जमेल अशा वेळी. या सगळ्यांत वेग आला तो पद्धतीमुळे. मुलाला येते तिथून सुरुवात, त्याचीच भाषा आणि त्याच्या दिवसात बसणारी वेळ. मराठीत तर निवडक अक्षरांच्या गटातून पहिल्याच आठवड्यात अर्थाचे शब्द वाचता येतात. त्यासाठी सगळी बाराखडी घोकून होण्याची वाट पाहावी लागत नाही.

तिसरा आक्षेप मला अर्धा मान्य आहे. मुले पुन्हा गळतात, हे खरे. पण ती गळतात कुठे? बहुतेकदा सेतुवर्ग संपून नव्या वर्गात बसल्यानंतर. म्हणजे दोष वेगाचा नाही, सांध्याचा आहे. केंद्राचे २०१०चे नियम सांगतात की हे प्रशिक्षण किमान तीन महिने आणि गरजेप्रमाणे दोन वर्षांपर्यंत चालावे. आणि पुढची, बहुधा विसरली जाणारी अट अशी की वयानुरूप वर्गात आल्यावरही शिक्षकाने त्या मुलाकडे विशेष लक्ष द्यावे. आपण नियमाचा पूर्वार्ध कसाबसा पाळतो, उत्तरार्ध सोडून देतो, आणि खापर मात्र मुलावर किंवा सेतुवर्गावर फोडतो.

म्हणून माझे म्हणणे असे : घेणारी शाळा तयार नसेल, तर परत येणाऱ्या मुलाची कितीही तयारी करा, ती वाया जाते. याची सुरुवात छोट्या गोष्टीपासून करता येईल. हंगाम संपताना बीडकडचे ऊसतोडीचे कुटुंब गावी निघते, तेव्हा मुलासाठी शिक्षण हमी पत्रक देण्याची सोय महाराष्ट्रात आहे. त्या पत्रकावर आळ्यातल्या शिक्षकाने हजेरीबरोबर दोन ओळी लिहाव्यात : हे मूल कोणता मजकूर वाचते आणि कोणती गणिते सोडवते. बीडच्या गावातल्या बाईंनी त्या ओळी वाचून पुढचा धडा तिथूनच काढावा. मग त्या मुलाला दरवर्षी 'अ'पासून सुरुवात करावी लागणार नाही.