टोलेबाजी व टायमिंग

चेंडूफळीच्या खेळांत धावा काढण्याच्या दोन रीती. अंगातली सारी ताकद लावून चेंडू हवेतून मैदानाबाहेर भिरकावणे ही टोलेबाजी. चेंडू बॅटच्या मधोमध घेऊन क्षेत्ररक्षकांमधल्या मोकळ्या जागेत काढणे हे टायमिंग. बेसबॉलमध्ये या दोहोंचा वाद शंभर वर्षे जुना आहे. क्रिकेटमध्ये वीस षटकांच्या सामन्यांनी तो पेटवला. सांगलीचे दोन मोठे फलंदाज, विजय हजारे आणि स्मृती मानधना, हे दोघेही टायमिंगवाले. तरीही एकाची ख्याती संथपणाची, दुसरीची वेगाची. हा फरक मनगटापेक्षा नियमांतून आला आहे. बाद होणे किती महाग पडते, यावर टोल्याची किंमत ठरते.

बेसबॉलमधला हिशेब आधी पाहिलेला बरा, कारण तो तिथे आकड्यांनी मांडला गेला आहे. नऊ डावांच्या सामन्यात एका संघाला 27 बाद मिळतात. चांगला फलंदाजही दहापैकी सात वेळा अपयशी ठरतो, म्हणजे बाद होणे ही रोजचीच गोष्ट. अभ्यासकांनी हजारो सामन्यांवरून काढलेल्या सरासरीनुसार एक होमरन साधारण 1.4 धावांच्या मोलाचा, तर साधा एकेरी फटका अर्ध्या धावेहून किंचित कमी. होमरन एकेरीच्या तिप्पट ठरतो. त्याच हिशेबात आणखी एक गोष्ट दिसली. चेंडू बॅटला न लागताच बाद होणे, म्हणजे स्ट्राइकआउट, हे झेल देऊन बाद होण्यापेक्षा फारसे तोट्याचे नाही. बाद तो बादच. मग चेंडू कसाबसा बॅटला लावण्याची धडपड कशाला, असा सवाल उभा राहिला आणि संघांनी टोलेबाजांना पसंती दिली. 2018च्या अमेरिकन मेजर लीग हंगामात स्ट्राइकआउटची संख्या यशस्वी फटक्यांच्या संख्येपुढे गेली. असे त्या लीगमध्ये पहिल्यांदाच घडले.

टोलेबाजांचा मूळपुरुष बेब रूथ : 714 होमरन आणि 1330 स्ट्राइकआउट. दुसऱ्या टोकाला टोनी ग्विन : वीस हंगामांत 3141 फटके, पण स्ट्राइकआउट अवघे 434 आणि होमरन 135. दोघेही आपापल्या काळातले थोर. मात्र दोन्ही गुण अंगी असणारा जो डिमॅजिओ (361 होमरन, 369 स्ट्राइकआउट) हा खरा दुर्मिळ नमुना म्हणावा लागेल.

क्रिकेटमध्ये ही गणिते जशीच्या तशी लागू होत नाहीत. इथे षटकार चौकारापेक्षा केवळ दीडपट. जमिनीलगत गेलेला चौकार झेलाची भीती न बाळगता चार धावा देतो. दोन धावा जास्त मिळवायच्या तर चेंडू हवेत सोडावा लागतो. शिवाय बेसबॉलच्या मैदानाला दोन रेषांची मर्यादा आहे; तिच्याबाहेर गेलेला फटका वाया. क्रिकेटमध्ये यष्टीमागेही धावा आहेत, म्हणून लेट कट आणि ग्लान्ससारखे नाजूक फटके टिकून राहिले. पुढचा मुद्दा चेंडूंचा. पन्नास षटकांत दर बळीमागे 30 चेंडू वाट्याला येतात, वीस षटकांत 12. कसोटीत तर बळी हीच पुंजी.

सांगली-साताऱ्याच्या गावांत टेनिस बॉलचे सामने सहा-आठ षटकांचे असतात. सहा षटकांत 36 चेंडू आणि दहा बळी, म्हणजे दर बळीमागे चार चेंडूही येत नाहीत. अशा सामन्यात पहिल्या चेंडूपासून आडवी बॅट फिरवणाऱ्याला अडाणी म्हणणे चूक आहे. तो गणिताने खेळतो आहे. त्यातून मैदान म्हणजे बहुधा ऊस तुटून गेलेले रान. ढेकळांत चेंडू घरंगळत नाही, सुरेख कव्हर ड्राइव्ह पंधरा पावलांवर मरतो. हवेतून जाईल तोच चेंडू सीमेपार जातो. गल्लीत मात्र उलटे. ‘भिंतीपलीकडे गेला की आउट’ हा नियम लागला, की तीच पोरे चेंडू खाली ठेवून खेळायला शिकतात. क्रिकेटच्या आधीच्या विटीदांडूत तर लांबी हेच गुण : विटी पडेल तिथपर्यंतचे अंतर दांडूने वकट, लेंड, मूंड करीत मोजायचे. टोलेबाजीला इतका सरळ मोबदला देणारा दुसरा खेळ शोधून सापडणार नाही.

विजय सॅम्युएल हजारे (11 मार्च 1915, सांगली – 18 डिसेंबर 2004, बडोदा) यांच्या काळात बळी महाग होता. 30 कसोटींत 2192 धावा, सरासरी 47.65, शतके 7. जानेवारी 1948मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियन संघाविरुद्ध त्यांनी 116 आणि 145 अशी दोन शतके काढली. दुसऱ्या डावात लिंडवॉलने सात बळी घेतले, भारताच्या 277 धावांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या हजाऱ्यांच्या, आणि सामना तरीही डावाने गेला. त्याहून बोलकी 1943ची पंचरंगी स्पर्धा. हिंदू संघाविरुद्ध हजाऱ्यांच्या ‘रेस्ट’ (इतर धर्मीयांच्या) संघाने फॉलोऑननंतर 387 केल्या, त्यांत हजारे 309. भाऊ विवेक यांच्यासोबत 300 धावांची भागी झाली, त्यांत विवेक यांचा वाटा 21. सोबत्याने एक बाजू लावून धरली म्हणून दुसऱ्याला धावा करता आल्या. एकवीस धावांचे मोल कोणत्याही सरासरीत दिसायचे नाही.

हजाऱ्यांवर संथपणाचा आक्षेप घेतला गेला तो अगदीच निराधार नव्हता. 1951मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध त्यांनी नाबाद 164 काढल्या, पण सामना अनिर्णित राहिला. जिंकण्यासाठी वेळही लागतो, हे त्या खेळीत विसरले गेले.

शेजारच्या कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर यांची खेळी टायमिंगच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. डिसेंबर 1948मध्ये पुण्यात काठियावाडविरुद्ध महाराष्ट्राकडून नाबाद 443 : चौकार 49, षटकार फक्त एक. म्हणजे 202 धावा सीमापार फटक्यांच्या, उरलेल्या 241 पळून काढलेल्या. खुद्द ब्रॅडमनने 52 कसोटींत अवघे सहा षटकार मारले.

स्मृती मानधना (जन्म 18 जुलै 1996, मुंबई) दोन वर्षांची असताना कुटुंब सांगलीजवळच्या माधवनगरला आले. 2013मध्ये बडोद्यात गुजरातविरुद्ध एकोणीस वर्षांखालील एकदिवसीय सामन्यात तिने 150 चेंडूंत नाबाद 224 धावा केल्या. एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय महिला. तिला ‘आक्रमक’ म्हणतात, पण ती टोलेबाज नाही. डावखुऱ्या हातांनी उशिरा खेळलेला कव्हरमधला फटका हा तिचा खरा मार्ग; षटकारातही हाताचा जोर कमी, बॅटचा झोका जास्त. 20 सप्टेंबर 2025 रोजी दिल्लीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध 413चे लक्ष्य होते. तिने 50 चेंडूंत शतक गाठले आणि 63 चेंडूंत 125 केल्या : चौकार 17, षटकार 5. हिशेब मांडला तर 22 चेंडूंत 98 धावा आणि उरलेल्या 41 चेंडूंत 27. एवढ्या वेगवान खेळीतही चौकार षटकारांच्या तिपटीहून अधिक आहेत. भारत 43 धावांनी हरला. दीड महिन्याने, 2 नोव्हेंबरला, नवी मुंबईत भारताने विश्वचषक जिंकला.

निखळ टोलेबाजी पाहायची तर सोलापूर जिल्ह्यातली किरण नवगिरे. एप्रिल 2022मध्ये नागालँडकडून अरुणाचलविरुद्ध तिने 76 चेंडूंत नाबाद 162 केल्या. ऑक्टोबर 2025मध्ये नागपूरला महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध 34 चेंडूंत शतक झळकावले. महिलांच्या टी-ट्वेंटीतले ते सर्वांत जलद शतक ठरले. त्या खेळीतही 14 चौकार होते, 7 षटकार. टोलेबाजाचे बरेच चौकार जमिनीवरूनच जातात, हे विसरून केवळ षटकार मोजणे ही प्रेक्षकांची आणि समालोचकांचीही जुनी खोड आहे.

प्रशिक्षणाच्या बाबतीत मत स्पष्ट द्यायला हवे. लहान वयात आधी चेंडू बॅटच्या मधोमध घ्यायला शिकवावे, ताकद अंगाने भरल्यावर येते. उलट क्रमाने शिकलेला फलंदाज उसळता किंवा वळता चेंडू आला की उघडा पडतो. मात्र वीस षटकांच्या सामन्यात तीस चेंडू खेळून तीस धावा करणाऱ्याला ‘तंत्रशुद्ध’ म्हणून गौरवण्यातही अर्थ नाही. त्याने दुसऱ्यांचे चेंडू खाल्लेले असतात.

ज्या हजाऱ्यांवर संथपणाचा आक्षेप होता, त्यांच्याच नावाने देशांतर्गत एकदिवसीय सामन्यांची विजय हजारे करंडक स्पर्धा खेळली जाते. 28 नोव्हेंबर 2022 रोजी अहमदाबादला तिच्या उपांत्यपूर्व सामन्यात महाराष्ट्राच्या ऋतुराज गायकवाडने उत्तर प्रदेशविरुद्ध एका नोबॉलसह सात चेंडूंत सात षटकार मारले. त्या षटकात 43 धावा निघाल्या.