दोन ओळी आणि ३२,७६७ किल्ल्या

मे २००८ ची गोष्ट. मी तेव्हा एका छोट्या कार्यालयाचे लिनक्स सर्व्हर सांभाळायचो. १३ तारखेला डेबियनची सुरक्षा सूचना आली आणि पुढचे तीन दिवस किल्ल्या बदलण्यात गेले. दाराच्या नाही हो, एका मशीनवरून दुसऱ्यावर शिरताना ओळख पटवतात त्या एसएसएचच्या किल्ल्या. सप्टेंबर २००६ पासून डेबियनच्या नव्या पॅकेजवर बनलेली प्रत्येक किल्ली ओळखता येण्याजोगी होती. डेबियनवरून बनणाऱ्या उबुंटूलाही तीच लागण.

झालं काय होतं? लिनक्सचं वितरण म्हणजे हजारो लोकांनी लिहिलेली सॉफ्टवेअर गोळा करून, ती एकमेकांशी भांडणार नाहीत अशी बांधून घरपोच देणं. डेबियन हे काम १९९३ पासून करतंय. प्रत्येक पॅकेजला एक मेंटेनर असतो, बहुतेकदा स्वयंसेवक. त्याने मूळ कोडमध्ये 'डेबियन' नावाचं फोल्डर घालायचं: त्यात पॅकेज कशावर अवलंबून आहे, बांधायचं कसं, काय बदललं, परवाना कोणता, सगळं ठरलेल्या फाइलींत. यात शिस्त आहे. पण त्या काळच्या पद्धतीत एक भोक होतं. डेबियनने मूळ कोडात केलेले बदल एकाच डिफ फाइलीत जायचे. कुठला बदल कशासाठी, हे त्या गाठोड्यातून शोधणं म्हणजे भंगारात सुई.

ओपनएसएसएल हे कूटलेखनाचं सॉफ्टवेअर. व्हॅलग्राइंड नावाचं तपासणीचं साधन त्यातल्या दोन ओळींबद्दल कुरकुर करायचं, की न भरलेली मेमरी वापरली जातेय. मेंटेनरने मे २००६ मध्ये ओपनएसएसएलच्या यादीवर विचारलंही, या ओळी काढल्या तर चालेल का. कोणी अडवलं नाही. त्याने त्या काढल्या. त्यातली एक ओळ मात्र यादृच्छिकतेचा सगळा कच्चा माल आत ओतणारी होती! उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक. म्हणजे एका प्रकारच्या संगणकावर, एका प्रकारच्या, एका लांबीच्या किल्लीसाठी शक्यता किती, तर ३२,७६७. एवढ्या किल्ल्या साधा संगणकही आधीच बनवून ठेवू शकतो.

कोड सगळ्यांसाठी उघडा होता, तरी वीस महिने कुणाला दिसलं नाही. शेवटी लुसियानो बेलो या डेबियनच्याच माणसाला ते सापडलं. मेंटेनरला शिव्या घालणारे तेव्हा खूप होते. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. त्याने विचारलं होतं. पण तो प्रश्न आणि तो बदल एकमेकांना जोडलेले राहतील, अशी जागाच पॅकेजमध्ये नव्हती.

एक मानलं पाहिजे, लपवाछपवी झाली नाही. अडचणी लपवणार नाही, हे डेबियनच्या १९९७ च्या सामाजिक करारातच आहे. सूचनेसोबत कमकुवत किल्ल्या ओळखायचं साधन आलं, काळी यादी आली. आमच्याकडची एक जुनी मशीन, जिच्यावर आधीची डेबियन ३.१ होती आणि जी भंगारात काढा म्हणून साहेब मागे लागले होते, तीच तेवढी सुटली!

पुढे बदल वेगवेगळ्या पॅचमध्ये ठेवायची पद्धत डेबियनच्या भांडारात रुजू लागली. तिची चर्चा आधीपासून होती, या प्रकाराने तिला निकड आली. पॅचच्या माथ्यावर काय लिहायचं, याचेही संकेत २००९ मध्ये मांडले गेले: वर्णन, लेखक, कुठून आला. आणि एक रकाना 'फॉरवर्डेड', म्हणजे हा बदल मूळ लेखकांकडे पाठवला का. तिथे 'नाही' लिहिता येतं, 'गरज नाही' असंही लिहिता येतं. कोणाचंही पॅकेज उघडलं की माझी नजर आधी त्या रकान्याकडे जाते.