विरळणीतली भाजी

करडईची भाजी खायची म्हणून करडई कुणी पेरली नाही. नांदेड-लातूरकडच्या काळ्या रानात ही भाजी विरळणीतून घरात आली. सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला पेरणी झाली, की पंधरा-वीस दिवसांत ओळीत रोपांची दाटी होते. दोन रोपांत वीतभर अंतर राहावं म्हणून मधली उपटायची, आणि उपटलेली बायकांनी ओटीत भरून आणायची. पुढे काही दिवस पानंही खुडता येतात. मग खोड वर सुटतं, पानाच्या कडेला काटा धरतो आणि हंगाम संपतो.

आजी पान दोन बोटांत धरून कडेवरून अंगठा फिरवायची. टोचलं तर जून, नाही तर चुलीवर. लसूण आणि हिरव्या मिरचीच्या फोडणीत भिजवलेली मूगडाळ, वर बारीक चिरलेली पानं. किंचित कडवट चव ज्वारीच्या भाकरीबरोबर गोड वाटायची. कधी कच्चाच घोळाणा व्हायचा: पानं, कांदा, दाण्याचं कूट, मीठ आणि वरून करडईचंच तेल.

या झाडाची जुनी ओळख मात्र ना पानाची, ना तेलाची. ती रंगाची. संस्कृतातलं कुसुंभ ते हेच. मराठीतला कुसुंबी रंग त्याच्याच पाकळ्यांचा. पाकळ्या आधी पाण्यात धुऊन पिवळा रंग काढून टाकायचा, मग खाराच्या पाण्यात तांबडा उतरवायचा आणि आंबट घालून तो कापडावर बसवायचा. इजिप्तमध्ये सुमारे 4000 वर्षांपूर्वीच्या कापडावर हा रंग सापडला आहे, आणि तुतनखामेनच्या थडग्यात करडईच्या फुलांच्या माळा होत्या. 1856 मध्ये विल्यम पर्किनला डांबरापासून जांभळा रंग मिळाला. त्यानंतर कारखान्यातले स्वस्त रंग येत गेले, पाकळ्यांचं मोल गेलं. उरलं ते बी.

त्याच इजिप्तमध्ये करडईचं एक भावंड पिकत होतं. आज शहरातल्या दुकानांत पिशवीत मिळणारं लेट्यूस. दोघंही सूर्यफुलाच्या कुळातली, आणि लेट्यूसच्या बियांचंही तिथे तेल काढत. पुढे लेट्यूसचं तेल मागे पडलं आणि लोकांनी पान पुढे आणलं. आपल्याकडे उलटं झालं. करडईचं तेल घाण्यावर राहिलं आणि पान तेलाच्या आधाराने जगलं. म्हणून तेलाचं पीक हटलं, तशी भाजीही हटली. मला याची खरी हळहळ वाटते.

हटण्याची कारणं रानातच आहेत. खरिपात पड ठेवलेल्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर करडई यायची. तिचं सोटमूळ खोल जातं, म्हणून पाऊस ओढ देऊन गेला तरी ती तग धरायची. खरिपात सोयाबीन आलं, त्यामागे हरभरा आला, आणि ती पड जमीनच उरली नाही. त्यात काढणीची धास्ती. धुऱ्याच्या कडेने पेरलेली करडई जनावरं अडवायची खरी, पण तेच काटे काढणाऱ्यालाही टोचायचे. दंवाने काटे मऊ असतात तोवर, भल्या पहाटे, हाताला फडकी गुंडाळून बायका कापायला बसायच्या. यावर संशोधकांनी उपाय शोधला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 'नारी-6' हा बिनकाट्याचा वाण दिला. बिनकाट्याची करडई हे या झाडावरचं मोठं काम आहे, आणि त्याची जेवढी दखल घ्यायला हवी तेवढी घेतली गेली नाही.

यंदा नांदेडला गच्चीवरच्या कुंडीत मी पहिल्यांदा फक्त पानासाठी करडई लावली. बी धान्यबाजारातून आणलं. पेरणीच्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं, ते खायच्या पानाला नको. पहिली रोपं उपटून घोळाण्यात गेली. उरलेल्यांची बाहेरची चार-चार पानं खुडली, मधला शेंडा राहू दिला. आठवड्याने पुन्हा ओंजळभर निघाली. परवा एका पानावरून अंगठा फिरवला, तर कडा टोचायला लागली होती. दोन झाडं तशीच ठेवली आहेत, बी धरायला.